न राहणारा भाडेकरू

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास वाकड-हिंजवडीकडच्या नव्या इमारतींत दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिल्या प्रकारातली घर घ्यायला आलेली असतात. तरुण नवरा, तरुण बायको, दोघांपैकी कुणाचे तरी आईवडील, कडेवर एक मूल. त्यातली आई थेट स्वयंपाकघरात शिरते, ओट्यासमोर उभी राहते आणि हवेतच एक पोळी लाटून बघते. दुसऱ्या प्रकारातला माणूस एकटा येतो, नाहीतर मेहुण्याला घेऊन येतो. तो स्वयंपाकघराकडे फिरकतही नाही. बाल्कनीच्या कठड्याला रेलून तो समोरच्या इमारतीवरचे वाळत घातलेले कपडे मोजतो. हा गुंतवणूकदार. कपडे आहेत म्हणजे माणसं आहेत, माणसं आहेत म्हणजे भाडं आहे, आणि नुसतेच टॉवेल आहेत म्हणजे बॅचलर आहेत, असं हे शास्त्र आहे.

मी या दुसऱ्या प्रकारातला मेहुणा. गुंतवणूकदार म्हणजे आमचे दाजी.

दाजी एका सरकारी खात्याच्या अकाउंट्स विभागातून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी आणि कोकणातल्या जमिनीच्या वाट्याचे पैसे एकदम हातात आले. त्या आठवड्यात ताईने काश्मीरचं नाव काढलं आणि दाजींनी वाकडचं. पुण्यात निवृत्त माणूस एक तर नर्मदा परिक्रमेला जातो, नाहीतर साइट व्हिजिटला. दोन्हीत पायपीट आहे, दोन्हीकडे भेटेल तो पुढचा रस्ता सांगतो, आणि दोन्हीकडे चहा फुकट मिळतो. दाजींनी चहा बघून दुसरा मार्ग धरला.

गाडी माझी असायची. मोठी गाडी बघितली की बिल्डरची माणसं चौरस फुटामागे दोनशे रुपये वाढवतात, असा दाजींचा सिद्धान्त आहे. त्यामुळे त्यांची नवी गाडी घरी आणि माझी जुनी रस्त्यावर. तिचा परिणाम एवढाच झाला, की एका ठिकाणी आम्हाला न विचारताच परवडणाऱ्या घरांच्या टेबलाशी नेऊन बसवलं.

पूर्वी जमीन गुंठ्यात मोजत. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर; तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांचं त्यावर एकमत. हल्ली जमीन मिनिटांत मोजतात. आयटी पार्कपासून दहा मिनिटं, एक्सप्रेसवेपासून सात मिनिटं, विमानतळापासून पंचवीस मिनिटं. ही मिनिटं कुठल्या वेळची, हे होर्डिंगवर लिहिलेलं नसतं. दाजींनी एका एजंटला ते विचारलं. मुलगा धंद्यात नवीन असावा, कारण खरं बोलला. म्हणाला, ‘‘सर, रस्ता मोकळा असला तर.’’

‘‘आणि तो मोकळा कधी असतो?’’

‘‘रात्री दोनला असतो की, सर.’’

दाजींनी मग एका सोमवारी सकाळी नऊला मला भूमकर चौकातून हिंजवडीच्या फेज टूकडे गाडी काढायला लावली. स्वतः शेजारी वही घेऊन बसले. होर्डिंगवरची दहा मिनिटं संपली तेव्हा आमच्या उजवीकडे जी पाण्याची टाकी होती, ती आणखी पाव तासानेही उजवीकडेच होती. कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये मुलं खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी वैतागलो. दाजी मात्र खुलत चालले होते.

‘‘उत्तम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘कोथरूडहून रोज हे कोण करणार? माणसाला झक मारत इथेच भाड्याने राहावं लागणार.’’

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की शहराकडे बघायची गुंतवणूकदाराची नजर आपल्यापेक्षा वेगळी असते. तुम्हाआम्हाला जी कोंडी वाटते, ती त्याला मागणी वाटते. रस्त्यावरचा खड्डा हा त्याच्या बाजूने लढणारा शिपाई असतो. आणि म्हणूनच मेट्रोच्या बाबतीत त्याची अवस्था फार केविलवाणी होते. हिंजवडी ते शिवाजीनगर या तेवीस स्थानकांच्या मेट्रोचं भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झालं. त्याआधी नुसती घोषणा झाली तेव्हाच भाव वाढले होते. मग भूमिपूजनाला वाढले. पहिला खांब उभा राहिला तेव्हा वाढले, खांबावर आडवा गर्डर चढला तेव्हा पुन्हा वाढले. मेट्रोने एकही प्रवासी वाहून नेला नव्हता तेव्हापासून ती चौरस फुटाचे भाव वाहून नेत होती. आता मेट्रो आली तर फ्लॅटची किंमत वाढणार, म्हणून ती यायला हवी. पण मेट्रो आली तर हिंजवडीत काम करणारा माणूस शिवाजीनगरला राहून जाऊन-येऊन करू शकणार, मग वाकडच्या फ्लॅटला भाडं कोण देणार? म्हणून ती न आलेलीही बरी. दाजी देवापुढे हात जोडून नक्की काय मागत असतील, याची मला काळजी वाटायची.

‘येणार’ या एका क्रियापदावर पुण्याच्या चारी बाजूंची जमीन उभी आहे. रिंग रोड येणार. हा रस्ता आम्हाला इतक्या एजंटांनी बोटाने हवेत काढून दाखवला आहे, की तो प्रत्यक्षात झाला तर मी डोळे मिटून गाडी चालवीन. विमानतळाचं तर विचारू नका. नवा विमानतळ आधी चाकणला होणार होता, मग तो खेडच्या बाजूला सरकला, २०१६ पासून पुरंदरला आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे तीन प्लॉट आहेत, तीन वेगवेगळ्या काळातल्या विमानतळांपासून प्रत्येकी पंधरा मिनिटांवर. विमान मात्र अजून लोहगावलाच उतरतं, आणि ते उतरताना यांच्या राहत्या घराच्या काचा थरथरतात.

तसंच महापालिकेत जाणाऱ्या गावांचं. २०२१ च्या जूनमध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे अशी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. तोपर्यंत ‘लवकरच महापालिकेत’ ही तिथल्या जाहिरातींमधली पहिली ओळ असायची. गावं आत आली, मिळकतकराची बिलं आली, आणि पाण्याचा टँकर पूर्वीसारखाच वळणावर अडकून राहिला.

एजंट दाखवतात ते दाजी बघायचे, पण विश्वास ठेवायचे तो स्वतःच्या पाहणीवर. रात्री नऊला आम्ही एखाद्या इमारतीसमोर गाडी लावून बसायचो आणि दाजी पेटलेले दिवे मोजायचे. बावीस मजले, मजल्यावर चार घरं, दिवे एकतीस. ‘‘बाकी सगळे माझ्यासारखेच गुंतवणूकदार,’’ असं म्हणून ती इमारत बाद. हे मोजमाप वाटतं तितकं वेडगळ नाही. सोसायटीत निम्मी घरं आपल्यासारख्याच आशावादी लोकांची असली, तर तिथल्या प्रत्येक भाडेकरूला हो म्हणायला पंचवीस मालक एका वेळी धावतात. एकदा रखवालदाराने काच वाजवून विचारलं, की काका, रोज येताय, कुणाची मुलगी पळून वगैरे गेलीय का. त्यानंतर दिवे मोजायचं काम दाजींनी शतपावली करत करायला सुरुवात केली.

पण खरा तज्ज्ञ आम्हाला भेटला तो वाकडमधल्या एका सोसायटीच्या फाटकाशी. गुलमोहराखाली हातगाडी लावून बसलेला इस्त्रीवाला. दाजींनी त्याला स्वतःचा एक सदरा दिला आणि इस्त्री होईपर्यंत माहिती काढली. सदऱ्याला आधीच कडक इस्त्री होती. त्यानेही ती पाहिली, पण बोलला नाही.

‘‘ए विंगमधनं शर्ट येतात, बी विंगमधनं टी-शर्ट,’’ तो म्हणाला. ‘‘शर्टवाला टिकतो. टी-शर्टवाल्याचं काय सांगता येत नाही. करोनात बघा ना, समदे लॅपटॉप घिऊन नांदेड, नागपूर, जिथले तिथं गेले. तिथनंच काम करायचे. घरं रिकामी, भाडी उतरली, माझी इस्त्री थंड. मग कंपन्यांनी बोलावलं परत, तर ते पण आठवड्यात तीन दिवस. आता माणसामागं तीनच शर्ट येतात.’’

दाजींनी वहीत लिहिलं : ‘तीन शर्ट. हायब्रिड.’

‘‘बी विंग सातशेचार पुढच्या महिन्यात खाली होतोय,’’ त्याने पुढची माहिती दिली.

‘‘त्यांनी सांगितलं तुला?’’

‘‘नाय. काल मागची समदी उधारी एकदम फेडली.’’

शहरांचा अभ्यास करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या दर तिमाहीला चकचकीत अहवाल काढतात, त्यात कोणत्या भागात भाडी किती चढली हे रंगीत आलेखांनी दाखवलेलं असतं. त्या कंपन्यांनी कोळशाचा खर्च देऊन हा माणूस नोकरीला ठेवायला हवा.

आता हिशेब. दाजी अकाउंट्सचे, त्यामुळे तो आधी झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तो सगळ्यात शेवटी झाला, आणि तोही ताईने विचारलं म्हणून. ऐंशी लाखांचा टू बीएचके. भाडं महिना पंचवीस हजार. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर वर ५ टक्के जीएसटी, ४ लाख. बेरीज ९ लाख ९० हजार. पंचवीस हजारांनी भागा. एकोणचाळीस महिने आणि काही दिवस. म्हणजे पहिली सव्वातीन वर्षं भाडेकरूने सरकारच्या वतीने आपल्या घरात राहायचं. दाजींनी यावर दोन तोडगे काढले. एक, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घ्यायचं, म्हणजे जीएसटी नाही. दुसरा, घर ताईच्या एकटीच्या नावावर घ्यायचं, कारण खरेदीदार स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ऐंशी हजार वाचले. ऐंशी हजारांत दोघांचं काश्मीर होतं, हे ताईने तिथल्या तिथे ऐकवलं.

पुढचा हिशेब आणखी नाजूक आहे. वर्षात एक महिना घर रिकामं राहणार असं धरा, एक महिन्याचं भाडं दलालीत, सोसायटीचा मेंटेनन्स महिना चार हजार, मिळकतकर वेगळा. शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ‘नॉन ऑक्युपन्सी’ नावाचा दंड लावते. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, आणि तो आदेश दर सर्वसाधारण सभेत कुणीतरी मालक खिशातून काढून वाचतोच. हे सगळं वजा जाता ऐंशी लाखांवर अडीच टक्केसुद्धा धड सुटत नाहीत. बचत खात्यावर बँक साधारण तेवढंच देते, आणि बचत खात्याचा नळ गळत नाही.

‘‘मग सात टक्क्यांनी एफडी करा,’’ ताई म्हणाली. ‘‘घरबसल्या वर्षाला साडेपाच लाख.’’

यावर दाजी जे बोलले त्यात मला सगळ्या गृहगुंतवणुकीचं मर्म सापडलं. ते म्हणाले, ‘‘एफडी दाखवता येत नाही.’’

खरंच आहे. पाहुण्यांना गाडीत घालून ‘चला, आमची एफडी बघून येऊ’ असं नेता येत नाही. लग्नाच्या पंगतीत ‘बँकेत थोडे पैसे ठेवलेत’ हे वाक्य कुणी ऐकूनही घेत नाही. ‘वाकडला एक फ्लॅट आहे आपला’ या वाक्याला शेजारच्या पानावरून मान वळते. भाव वाढतील ही आशा आहेच, आणि पुण्यात बऱ्याच ठिकाणी ती खरीही ठरली आहे. पण भाव वाढले तरी दाजी फ्लॅट विकणार नाहीत हे मला ठाऊक आहे. विकला तर दाखवणार काय?

दाजींचा पुतण्या याहून धाडसी. त्याने साठ लाखांचं कर्ज काढून घर घेतलं आणि सगळ्यांना सांगत सुटला, की ‘भाड्यात हप्ता निघतो.’ साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता बावन्न हजार. पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज साडेबेचाळीस हजार. भाडं पंचवीस. भाड्यात हप्ता निघत नाही, हप्त्याची आठवण निघते. पण त्याला बोललं तर तो ‘लाँग टर्म’ असं म्हणतो, आणि लाँग टर्मपुढे कुणाचं काही चालत नाही.

घर बघता बघता दाजींना एकच भीती झोपू देत नव्हती : भाडेकरू घर सोडेल ना? ही भीती त्यांच्याइतकी कुणालाच असू शकत नाही, कारण दाजींचं स्वतःचं लहानपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं, आणि तेही भाडेकरूच्या बाजूने. दोन खोल्या, चौकात सामाईक नळ, भाडं महिना अठरा रुपये. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला खिळवून ठेवलं होतं. महायुद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, पानशेतचा पूर येऊन गेला, दाजींची मुंज झाली, लग्न झालं, ताई माप ओलांडून त्या वाड्यात आली. भाडं मात्र १९४० सालातच राहत होतं. मालक कौलं बदलायचा नाही. अठरा रुपयांत तो बदलणार तरी काय? दाजींचे वडील ‘कौलं बदलून द्या’ म्हणून दर पावसाळ्यात भांडायचे आणि भाडं वाढवायचा विषय निघाला की कायदा दाखवायचे. चाळीस वर्षं घराणं हललं नाही. शेवटी वाडाच दमला. बिल्डर आला आणि जुना भाडेकरू म्हणून दाजींच्या वडिलांना त्याच जागी मालकीचा वन बीएचके मिळाला. त्यामुळे भाडेकरू काय काय करू शकतो, हे दाजींना पुस्तकातून वाचावं लागलेलं नाही.

मालकांनी या कायद्यातून निसटायला ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली होती. हा भाडेकरू नव्हे, आमच्या परवानगीने राहतोय, एवढंच. तर कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो जो असा परवानगीवाला घरात होता, तो संरक्षण असलेला भाडेकरू ठरला. मुंबई-पुण्याच्या घरमालकाला तेव्हा जी धडकी भरली ती अजून उतरलेली नाही. ती वारशाने पुढच्या पिढीकडे जाते, मृत्युपत्रात लिहावी लागत नाही. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची ही व्यवस्था अन्याय्य झाली आहे असं सुनावलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचं, नाही सोडलं तर दुप्पट दराने भरपाई, असं स्पष्ट आहे. करार नोंदवायची जबाबदारी मालकावर. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे निदान कागदावर तरी मालकाने निवांत झोपायला हरकत नाही.

पण तो झोपत नाही. अजूनही अकरा महिन्यांचाच करार करतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवायची सक्ती नव्हती, म्हणून अकराची ही पळवाट निघाली. महाराष्ट्रात आता एक महिन्याचा करारसुद्धा नोंदवावा लागतो, त्यामुळे अकराने काहीच साधत नाही. तरीही अकराच. दाजींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे. पण अकराच ठेवू.’’ २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी सापडली. त्यातली किती या भीतीने कुलूपबंद होती हे मोजलं गेलं नसलं, तरी माझ्या डोळ्यांसमोर शनिवार पेठेतल्या दोन खोल्या येतात.

तर असा हा माणूस, ज्याला भाडेकरूची सगळी कुळकथा ठाऊक, तो भाडेकरूसाठी घर निवडायला निघाला होता. त्याच्या मनातला भाडेकरू असा : नवरा-बायको दोघं आयटीत. मूल नाही, कुत्रं नाही. स्वयंपाक करतात, पण फोडणी देत नाहीत. भिंतीत खिळा ठोकत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी गावी जातात ते सोमवारी सकाळी थेट ऑफिसात. वर्षातले सहा महिने कंपनी परदेशी पाठवते आणि भाडं तिकडून एक तारखेला जमा होतं. थोडक्यात, भाडं भरणारा पण घरात न राहणारा भाडेकरू.

त्या भाडेकरूसाठी दाजी घर शोधत होते ते मात्र स्वतःच्या आवडीचं. दार पूर्वेला हवं. देवघराला कोनाडा हवा. बाल्कनीत तुळशीची जागा हवी. मुख्य रस्त्यापासून आत, शांत हवं. एक फ्लॅट बसथांब्याच्या आणि भाजी मंडईच्या अगदी समोर होता, भाव बेताचा, दिवे भरपूर. तो त्यांनी ‘फार वर्दळ आहे, दुपारी डोळा लागायचा नाही’ म्हणून नाकारला.

‘‘तुम्हाला झोपायचंय का तिथे?’’ ताईने विचारलं.

शेवटी जो घेतला तो रस्त्यापासून आत, अकराव्या मजल्यावर, पूर्वेचं दार, कोनाड्यासकट. एका एजंटने तीन जागी एकच जाहिरात टाकली. ‘फक्त फॅमिली, फक्त शाकाहारी.’

फोन येऊ लागले आणि एक नवाच दाजी मला दिसला. ‘‘मूळचे कुठले तुम्ही?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि आडनाव हा दुसरा. आडनाव ऐकल्यावर फोनवर एक छोटा विराम पडायचा. पलीकडचा माणूसही तो विराम ओळखायचा. पुण्यात घर शोधणाऱ्याला तो लवकरच ओळखता येतो. मग दाजी म्हणायचे, ‘‘कळवतो हं, आधी एकांना शब्द दिलाय.’’ असे शब्द त्यांनी बऱ्याच जणांना, कुणालाच न देता दिले. मला ते आवडत नव्हतं आणि मी तसं बोललो. ‘‘माझं काही नाही रे, सोसायटीला चालत नाही,’’ ते म्हणाले. सोसायटीत चौकशी केली तेव्हा चेअरमनने सांगितलं, की आमचं काही नाही, मालकांनाच चालत नाही.

पण रिकाम्या घराचा एकेक महिना जाऊ लागला, तसतसे दाजी पुरोगामी होत गेले. पहिल्या महिन्यानंतर ‘फक्त शाकाहारी’ गेलं. दुसऱ्या महिन्यानंतर ‘बॅचलर चालतील, पण मुलं नकोत, मुली चालतील’ अशी दुरुस्ती झाली. तिसऱ्या महिन्याचा मेंटेनन्स भरून आले, त्या दिवसापासून ते आडनाव विचारायचं विसरले. महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेचा इतिहास लिहिताना रिकाम्या फ्लॅटचं योगदान कुणी लक्षात घेतलेलं दिसत नाही.

मग दोन मुली घर बघायला आल्या. एक अमरावतीची, एक कोल्हापूरची. दाजी त्यांना पूर्वेचं दार दाखवत होते. त्यातली एक मोबाइल हातात उंच धरून खोल्याखोल्यांतून फिरत होती. रेंज कुठे जाते, ते तिला पाहायचं होतं. दाजी कोनाड्यापाशी पोहोचले तोवर दुसरीने न्हाणीघरातला नळ सोडला, फ्लश ओढला आणि टाकी किती वेळात भरते ते ऐकत उभी राहिली.

‘‘काका, लाइट गेल्यावर लिफ्ट चालते का?’’

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी एजंटकडे पाहिलं.

‘‘टँकर मे महिन्यात रोज येतो की एक दिवसाआड?’’ ‘‘टू-व्हीलरचं पार्किंग आहे का? दोन हव्यात.’’ ‘‘कॅब फाटकाशी येते की मेन रोडपर्यंत चालत जायचं? रात्री शिफ्ट सुटल्यावर त्या बोळात दिवे असतात का?’’ तुळशीच्या जागेत वॉशिंग मशीन बसेल का, हे एकीने टेपने मोजलं. बसत होतं. शेवटी अमरावतीची मुलगी बाहेरच्या दारापाशी गेली, दार आतून लावून बघितलं आणि म्हणाली, ‘‘काका, लॅचची किल्ली तुमच्याकडेही असणार ना? मग आतून वेगळी कडी लागेल.’’

इतकी घरं बघितली, इतके दिवे मोजले, पण एकाही घराची आतली कडी आम्ही बघितली नव्हती. दाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पितळेची जाड कडी घेऊन आले आणि सुतार बोलावून बसवली.

करार घरीच झाला. हल्ली नोंदणी कार्यालयात जायला लागत नाही. एजंटचा एक पोरगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. दाजी इस्त्रीचा सदरा घालून, वही मांडीवर घेऊन मधल्या खुर्चीत बसले होते. सामानाची यादी त्यांनी स्वतः केली होती : पंखे पाच, नळाच्या तोट्या नऊ, कडी पितळेची एक. पोरग्याने स्क्रीनकडे बघत विचारलं, ‘‘मालक कोण?’’

दाजींनी अंगठा पुढे केला.

‘‘नाही, इथं मॅडमचं नाव आहे.’’

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिचा अंगठा पहिल्या दाबाला जुळला. मुलींचे जुळले.

‘‘काका, तुम्ही साक्षीदार,’’ पोरगा म्हणाला. ‘‘बसा इकडे.’’

दाजींचा अंगठा जुळेना. उतारवयात रेषा पुसट होतात, त्याने समजावलं. दाजी साबणाने हात धुऊन आले, जुळला नाही. डावा लावला, जुळला नाही. तेल लावून पुसून बघितलं. स्क्रीनवर लाल अक्षरांत तोच नकार. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं अडवलेला माणूस त्या लाल अक्षरांकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी साक्षीदार म्हणून माझा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा अंगठा घेतला. दाजींना पोरग्याने जरा मागे सरकायला सांगितलं, कारण फोटोच्या चौकटीत त्यांचा खांदा येत होता.

‘‘झालं,’’ पोरगा म्हणाला. ‘‘काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा.’’

कोल्हापूरच्या मुलीने दाजींकडे बघितलं, मग जरा थांबून ताईकडे वळली. ‘‘काकू, गीझर तुम्ही लावणार की आम्ही?’’

दाजींनी वही उघडली. गीझरचं पान त्यांनी आधीच काढून ठेवलेलं होतं.

‘‘लावते की,’’ ताई म्हणाली. ‘‘पंधरा लिटरचा बास ना?’’